रांगेत आधी कोण

सुजाता, आरमोरीच्या विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला जो उठेल तो हेच सांगत होता, की मॅडम स्वभावाने फार शांत, मॅडमनी कधी आवाज चढवला नाही. मी तुझ्या आईशेजारी बसले होते. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे, आणि रडता रडता आम्हा दोघींना हसू फुटलं. आईने घाईघाईने पदर तोंडाला लावला. मागच्या बायांना वाटलं, हुंदका आला.

कुठली गं तू शांत? चंद्रपूरच्या होस्टेलात पहिल्याच दुपारी तू माझ्याशी खिडकीवरून भांडलीस. मी धानोऱ्याकडच्या जंगलातली, मला खिडकी सताड उघडी हवी. तू म्हणालीस, कोळशाची धूळ आत येते. दोघींचंही खरं होतं आणि माघार घ्यायची सवय एकीलाही नव्हती. मी गोंडाची पोर, तू आरमोरीच्या बौद्ध मोहल्ल्यातली; घरून निघताना दोघींनाही एकच सांगून पाठवलं होतं, की उगाच कोणाचं ऐकून घेऊ नको. आपण एकमेकींचंही ऐकून घेतलं नाही, आणि त्यातूनच आपलं जमलं. पुढे तू संगणकातली इंजिनिअर झालीस, मी नकाशांच्या कामात शिरले, आणि फिरून फिरून दोघी एकाच कक्षात येऊन पडलो.

तुझी पदं, बदल्या, सत्कार त्या दिवशी वाचून झाले. ते मी पुन्हा उगाळत नाही. मला तुझ्याशी आपल्या कामांच्या रांगेबद्दल बोलायचं आहे. ते भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलीस आणि त्यानंतर बरंच काही घडलं, जे तुला कळायलाच हवं.

आपला कक्ष म्हणजे काय होता, आठव. शेजारशेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या सरकारी खात्यांची संगणकाची कामं आपल्याकडे. ज्या खात्याच्या मनात येईल त्याने ॲप मागायचं, आपण बनवून द्यायचं, आणि एकदा बनलं की ते कधीच बंद व्हायचं नाही. आरोग्याचं वेगळं, अंगणवाडीचं वेगळं, रेशनचं वेगळं. प्रत्येकाला एखाद-दोन इंजिनिअर बांधून टाकलेले, आणि त्यांचा अर्धा जन्म बंद पडलेलं सुरू करण्यात जाणार. भामरागडकडच्या मंगला मडावी सिस्टर एकदा मीटिंगला आल्या होत्या. त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि सांगितलं, की गावात बाई गरोदर राहिली की तिचं नाव त्या प्रत्येक खात्यासाठी वेगवेगळं भरतात, आणि नदी चढून नेटवर्क गेलं की त्यातलं एकही नाव उघडून बघता येत नाही. तक्रारीचा सूर नव्हता. पावसाळ्याच्या आत काही होऊ शकेल का, एवढंच त्या विचारत होत्या.

तिकडे रस्ता बुडाला की पलीकडची गावं पलीकडे राहतात. म्हणून ज्यांचे दिवस भरत आलेत त्या बायांना आधीच नदीच्या अलीकडे, दवाखान्याजवळ आणून ठेवावं लागतं. एखादी राहून गेली तर काय होतं, ते सिस्टर बोलल्या नाहीत. बाकीचे आपापल्या फायली आवरायला लागले. तू मात्र त्यांचा फोन हातात घेऊन बराच वेळ बघत बसलीस.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वरून पत्र आलं, की सगळी कामं नव्याने मांडा, क्रम ठरवा, माणसं त्याप्रमाणे वाटा. जबाबदारी तुझ्यावर. पहिल्या बैठकीला सगळी खाती नटूनथटून आली, आणि प्रत्येकाचं काम पहिलं होतं. आरोग्याचे डॉक्टर साहेब म्हणाले, जीव आधी. पुरवठ्याचे साहेब म्हणाले, पोट आधी. मीही माझं दामटलं: वनहक्काचे नकाशे आधी, कारण ज्या जमिनी आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कसत आली त्या कागदावर अजून त्यांच्या नाहीत. तू सगळ्यांचं शांतपणे ऐकलंस. ती शांतता बघून मला धडकी भरली, कारण मी तुला ओळखत होते.

"पहिलं कोणतं ते मी विचारतच नाई," तू म्हणालीस. "तुमच्यातलं बंद कोणतं करता, ते सांगा."

कोणी वर बघेना. डॉक्टर साहेब हातातले कागद चाळायला लागले. पुरवठ्याच्या साहेबांना चहाची आठवण झाली.

"बरं," तू म्हणालीस. "मंग माह्यापासून धरा. 'वाट' बंद."

बाहेरच्या माणसाला यात काय आहे ते कळायचं नाही. 'वाट' तू नोकरीच्या सुरुवातीला उभी केली होतीस, लोकांना घरबसल्या दाखले मिळावेत म्हणून. कक्षात तेव्हा दोन मोडकी टेबलं होती आणि 'वाट' होती. तिच्यामुळे तुझं नाव झालं, तिच्यामुळे आपल्या कक्षाला लोक ओळखायला लागले. नाव कोणतं ठेवायचं यावरून आपण भांडलो होतो आणि त्या एका भांडणात तू जिंकली होतीस. ती 'वाट' तू एका वाक्यात मिटवून टाकलीस.

त्या संध्याकाळी बसस्टँडसमोरच्या टपरीवर मी तुझ्याशी जे भांडले, ते तिथल्या चहावाल्या भाऊला अजून आठवतं. काऊन बंद केली, दुसरं काही नव्हतं का, सगळ्यांसमोर स्वतःचीच मान कापायची काय गरज होती. तू आल्याचा चहा पीत होतीस. मग म्हणालीस, की दाखले आता लोक राज्याच्या नव्या सेवेवरून काढतात, 'वाट'वर येणारं कोणी उरलं नाही, आणि तिला जिवंत ठेवायला आपले चांगले इंजिनिअर अडकून बसलेत. एवढं बोललीस आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिलीस. मी चहाचा दुसरा कप मागवला. तुझे डोळे भरले होते हे मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे तुलाही कळलं.

पुढच्या बैठकीत डॉक्टर साहेबांनी आपली दोन ॲप बंद करायला दिली. मग पुरवठ्याने एक दिलं. मग जणू चढाओढच लागली. तुझं ते एक वाक्य नसतं तर आम्ही आजही पहिल्या नंबरावरून वाद घालत बसलो असतो.

बंद झालेल्या कामांतून मोकळी झालेली माणसं तू खात्यांना परत दिली नाहीस. त्यांचे गट केलेस, तेही लोकांच्या गरजेवरून. आईबाळाचा एक गट, त्यात आरोग्य आणि अंगणवाडी एकाच टेबलाला. रेशन आणि दाखल्यांचा दुसरा. शेत आणि जंगलाचा तिसरा. अंगणवाडीच्या मॅडम आणि डॉक्टर साहेब पहिले काही दिवस एकमेकांशी चिठ्ठ्यांवर बोलत होते. मग एक दिवस दोघांना एकाच डब्यातला मोहाच्या फुलांचा लाडू खाताना बघून तू मला कोपराने ढोसलंस.

आणि मग क्रम. सरकारी कामाची रांग मार्च एंडवरून लागते. तू ती नदीवरून लावलीस. पावसाळ्याआधी जे झालं नाही तर माणूस अडकेल, ते आधी. जे पाऊस उघडल्यावर होऊ शकतं, ते नंतर. नियम सोपा होता आणि कोणालाही समजावून सांगता येत होता. आईबाळ पहिलं, रेशन दुसरं, माझे नकाशे तिसरे.

"तिसरे?" मी म्हणाले.

"जमीन पुरात वाहून जात नाई, कुसुम. बाई जाते."

"कागदावर नसली तर जमीनही वाहूनच जाते. अन् ती गेली तर परत येत नाही."

हा वाद आपण ऑफिसात घातला, तुझ्या स्कूटरवर घातला, आरमोरीला तुझ्या आईने वाढलेल्या भाताच्या ताटावर घातला. आई म्हणाली होती, "पोरीहो, जेवून घ्या. जमीनही इथीच आहे अन् बाईही इथीच आहे."

उन्हाळ्यात आईबाळाचं ॲप तयार झालं. उद्घाटन ठरलं, मांडव ठरला, पाहुणे ठरले. दोन दिवस आधी वरचे साहेब पाहणीला आले. सगळं बघून खूश झाले. तू त्यांना म्हणालीस, की साहेब, आता तुमच्या फोनचं नेट बंद करा आणि उघडून दाखवा. त्यांनी बंद केलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि उघडलं काहीच नाही.

मी तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की उद्घाटन होऊ दे, दुरुस्ती नंतर कर, नाहीतर तुझी बदली होईल. तू ऐकलं नाहीस. साहेबांना म्हणालीस, की हे असंच गावात गेलं तर पहिल्या पुराला बंद पडेल, आणि मग मंगला सिस्टर परत आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. साहेब रागावले. रागावून गाडीत बसले. मग गाडीतून उतरून परत आले आणि म्हणाले, उद्घाटन पुढे ढकला. त्या माणसाबद्दलचा माझा आदर तिथून सुरू झाला. पुण्यानुमोदनाला तेही आले होते, मागच्या रांगेत बसले होते, आणि तुझ्या शांत स्वभावाबद्दल अवाक्षरही बोलले नाहीत.

मग तुम्ही ते ॲप जवळजवळ नव्याने लिहिलंत. ढीगभर प्रश्न कापून मूठभर ठेवले: बाईचं नाव, गाव, कितवा महिना, काही धोका आहे का, आणि नदीच्या कोणत्या बाजूला राहते. नेट नसलं तरी सगळं फोनमध्येच राहणार. दोन गावांच्या आशाताई बाजारात भेटल्या की एकीच्या फोनमधली नोंद दुसरीच्या फोनमध्ये जाणार. आणि एका गोष्टीवर तू अडून बसलीस. आधार क्रमांक नसेल तरी नोंद झालीच पाहिजे. सगळे म्हणाले, नियमात बसत नाही. तू म्हणालीस, पोटातलं लेकरू नियम विचारून येत नाही. साहेबांच्या मागे लागून तू ती परवानगी मिळवलीस.

तुझी मूत्रपिंडं तेव्हाच थकली होती. डायलिसिससाठी चंद्रपूरला जायचीस, खुर्चीला टेकून फोनवर बैठक घ्यायचीस, आणि पलीकडच्यांना वाटायचं मॅडम दौऱ्यावर आहेत. मी सोबत असले की मधेच फोनवर हात ठेवून मला विचारायचीस, चेहरा लय सुजला काय? मी म्हणायचे, आधीपासूनच असा आहे. तुला ते आवडायचं.

ॲप गावोगावच्या आशाताईंच्या फोनमध्ये पोचलं आणि यंदाचा पाऊस आला. पर्लकोटा नदी चढली, रस्ता गेला, भामरागडचा फोन लागेना. मी तुझ्याजवळ चंद्रपूरला होते. तू आडवी होतीस, हाताला नळ्या, आणि दर थोड्या वेळाने माझ्या फोनकडे बघत होतीस. आपण दोघींनी त्या दिवशी एकदाही वाद घातला नाही. त्यावरूनच कळावं, आपण किती घाबरलो होतो.

दुपारी मंगला सिस्टरचा फोन लागला. मी तो तुझ्या कानाशी धरला, पण आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू येत होता.

"सगळ्या आल्या मॅडम," सिस्टर म्हणाल्या. "एकही तिकडं नाई राह्यली."

मग त्यांनी सांगितलं ते असं. दिवस भरत आलेल्या बायांची नावं आधीच फोनमध्ये होती, त्यामुळे पाणी चढायच्या आत त्यांना अलीकडे आणलं गेलं. पण एक बाई कोणाच्याच हिशेबात नव्हती. ती छत्तीसगडकडून पलीकडच्या एका गावात माहेरी आली होती. तिच्याजवळ कागद नाही, आधार नाही. तिथल्या आशाताईने तिचं नाव तसंच टाकलं. ती आशाताई बाजाराला आली तेव्हा तिच्या फोनमधून ते नाव दुसरीच्या फोनमध्ये आलं, आणि दुसरीकडून सिस्टरच्या. सिस्टरने पाहिलं: नववा महिना, अंगावर सूज, नदीच्या पलीकडे. पाणी चढत होतं. गावच्या माणसांनी तिला डोंग्यात बसवून अलीकडे आणलं. आणखी थोडा उशीर झाला असता तर डोंगाही चालला नसता. दवाखान्यात पोचल्यावर तिला झटके यायला लागले, पण औषध हाताशी होतं आणि डॉक्टर हजर होते.

"बाळ रडलं काय?" तू विचारलंस.

"रडलं ना. मुलगी आहे. माय बी बरी आहे."

तू डोळे मिटून घेतलेस. मी तुझ्या कपाळावर हात ठेवला, आणि तुझ्या त्या सुजलेल्या चेहऱ्यावर जे हसू होतं, तसं हसू मी 'वाट' सुरू झाली त्या दिवशीही पाहिलं नव्हतं. बाजूच्या खाटेवरच्या आजोबांनी विचारलं, काय झालं, निकाल लागला काय पोराचा? मी म्हणाले, हो बाबा, पास झाले सगळे. त्यांनी त्यांच्याजवळची चिक्की आम्हा दोघींना दिली. तुला खायची मनाई होती. तुझ्या वाटणीचीही मीच खाल्ली.

मग तू डोळे उघडून विचारलंस, "आता रांगेत पुढचं काय?"

"नकाशे," मी म्हणाले.

"रेशन आहे. तुहे नकाशे तिसरे."

आणि आपलं सुरू झालं. जमीन, बाई, पूर, कागद, सगळं पहिल्यापासून. शेवटी तिथल्या नर्सबाई येऊन म्हणाल्या, पेशंटला त्रास देऊ नका. तू म्हणालीस, त्रास मी तिले देऊन राह्यली. ते आपलं शेवटचं भांडण. त्यानंतर तू फारशी बोलली नाहीस, आणि जेव्हा बोललीस तेव्हा आईच्या गुडघ्यांबद्दल बोललीस.

मी तुला कधी शाब्बास म्हटलं नाही. तूही मला म्हटलं नाहीस. आपल्यात ती रीतच नव्हती, आणि मला तिची उणीव कधी भासली नाही. पण तुला मातीआड केलं त्या दिवशी मंगला सिस्टर भामरागडहून आरमोरीपर्यंत आल्या, चिखलात, तीन गाड्या बदलून. तुझ्या पायाशी उभं राहून त्या काहीतरी पुटपुटल्या. मला वाटतं, त्यांनी ते आपल्या सगळ्यांच्या वतीने म्हटलं असावं.

आता तुला न कळलेलं सांगते. पाऊस उघडल्यावर क्रम ठरवायची बैठक होती. बैठक पुढे ढकलावी असं कोणीच म्हणालं नाही. मी भांडायच्या तयारीने गेले होते. कागद, नकाशे, गावांची नावं, सगळं घेऊन. मी उठणार तेवढ्यात डॉक्टर साहेब बोलायला लागले. आईबाळाचं या हंगामाचं काम झालं आहे, ते म्हणाले, आमची माणसं मोकळी आहेत, ती नकाशांना द्या. मग पुरवठ्याचे साहेब म्हणाले, की पाऊस संपला, जंगलात जाता येतं, लोक गावात भेटतात. रेशन कापणीनंतरही होईल, नकाशे आधी घ्या. मी तोंड उघडायच्या आत माझं काम पहिलं झालं होतं.

सुजाता, मला भांडावंच लागलं नाही. तुझ्याच नियमाने झालं. जमीन आधी की बाई आधी, याचं उत्तर त्या बैठकीत कोणी दिलं नाही, आणि मलाही ते मिळालेलं नाही. मला अजूनही वाटतं मीच बरोबर होते. पण त्या खोलीत बसलेली माणसं, जी आधी एक ॲप सोडायला तयार नव्हती, ती न मागता आपली माणसं देत होती. मला तुझा इतका अभिमान वाटला की कागद चाळत असल्याचं सोंग करावं लागलं, डॉक्टर साहेबांनी एकदा केलं होतं तसं.

मागच्या आठवड्यात धानोऱ्याकडच्या एका गावात ग्रामसभा होती. गोटुलात, गावाच्या बसण्याच्या सामाईक जागेत, सगळं गाव जमलं होतं, बाया पुढे, माणसं मागे. नेटवर्क नव्हतंच. तुझ्या गटातल्या इंजिनिअर मुलीने भिंतीवर पांढरा कपडा लावला आणि गावाचा नकाशा उघडला. तो उघडला. प्रत्येक घराचं शेत, गावाचं जंगल, नाला, देवाची जागा, सगळं रंगवलेलं, नावानिशी. मग एकेक जण उठून जवळ गेला आणि आपल्या शेतावर हात ठेवायला लागला. कपड्यावर हातांच्या सावल्या पडत होत्या. शेवटी मंजुरीला हात वर करा म्हटल्यावर अख्ख्या गावाने हात वर केले, लहान पोरांनीसुद्धा, ज्यांचं मत मोजत नाहीत. गावाच्या वनहक्काच्या दाव्याला गावाचाच नकाशा लागला आणि तो तसाच पुढे गेला. माझ्या सगळ्या नोकरीत मी एवढं मोठं काही पाहिलेलं नाही.

उठताना ग्रामसभेच्या अध्यक्षबाई माझ्याजवळ आल्या. वयाने आईएवढ्या. त्यांनी विचारलं, हे असं सगळ्यांनी मिळून करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं. मी म्हणाले, आमच्या सुजाताताईच्या. कुठची ती, त्यांनी विचारलं. आरमोरीची, मी म्हणाले.

"मंग तिले सांगजो," त्या म्हणाल्या, "आमचं धान घरी आलं का नवं खायले ये म्हणा. गावानं बोलावलं म्हणून सांग."

तू नाहीस, हे मला त्यांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. मी जोहार केला आणि हो म्हणाले.

तर सुजाता, गावाने तुला जेवायला बोलावलं आहे.